सुकेळ्यांशी सलोखा

वसईजवळच्या उमेळ्याचा धर्मा घरत हा खाण्यात पुढे आणि बोलण्यात मागे असलेला माणूस. लग्नाच्या पंगतीत वाढपी न सांगता त्याच्याकडे पुन्हा वळायचे आणि तो मान वर न करता नुसतं ताट पुढे सरकवायचा. बोंबील असो, वालाचं बिरडं असो, त्याची कशालाच ना नसे. पण सुकेळं दिसलं की मात्र ही मोठी थोरली मिशीवाली स्वारी अगदी लहान मुलासारखी व्हायची.

सुकेळं म्हणजे उन्हात वाळवलेलं राजेळी केळं. पिकलेलं केळं सोलायचं, वेताबांबूच्या मांडवावर पसरायचं, संध्याकाळी गोळा करून झाकायचं, सकाळी पुन्हा पसरायचं. असं करत करत ते मधाच्या रंगाचं, मऊ आणि चिवट झालं की केळीच्याच सुक्या पानात बांधून पुडकं करायचं. वसईबाहेरच्या माणसाच्या हातावर ते ठेवलं तर तो आधी संशयाने बघतो आणि नंतर पुडकं परत द्यायचं विसरतो. उमेळ्यात हे काम पूर्वी कोणी करत नसे. ते आलं हंसाबरोबर. हंसा ही धर्माची बायको, माहेर आगाशीकडचं. लग्न होऊन आली त्या वर्षीच तिच्या आईने राजेळीचे मुनवे, म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटलेली रोपं, पाठवले आणि हंसाने ते विहिरीच्या कडेला स्वतःच्या हाताने लावले. सासूने नाक मुरडलं. पहिलं सुकेळं तोंडात गेल्यावर ते नाक आपोआप सरळ झालं.

तेव्हापासून घराला एक रीत लागली. लांबच्या वाटेला निघणाऱ्याच्या पिशवीत सुकेळ्यांचं पुडकं जायचंच. मुलगा कल्पेश परीक्षेला निघाला तरी पुडकं, धर्मा कोर्टाच्या कामाला गेला तरी पुडकं. अंगात ताकद राहते, भूक भागते आणि घरची आठवण राहते असं हंसाचं म्हणणं. ह्यात वाईट काय होतं? काहीच नव्हतं. पण माणसाच्या चांगल्या सवयीही कधी कधी भलत्या ठिकाणी पायात येतात.

एकोणीसशे नव्व्याण्णवच्या दिवाळीनंतर धर्माचा खोकला थांबेना. बिडी त्याने मिसरूड फुटल्यापासून ओढली होती, त्यामुळे खोकला हा घरातलाच माणूस समजला जायचा. एके दिवशी थुंकीत रक्त दिसलं तेव्हा कल्पेशने काही ऐकून घेतलं नाही. वसईच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि मुंबईच्या मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली. तिथे कळलं की फुफ्फुसाचा कॅन्सर आहे.

बापाला सांगायचं की नाही ह्यावर कल्पेश दोन दिवस घरभर येरझाऱ्या घालत होता. धर्माने त्याला त्या कष्टातून सोडवलं. त्याने सरळ डॉक्टरांनाच विचारलं. डॉक्टर तरुण होते, पण खरं बोलणारे निघाले. ते म्हणाले, ह्या जातीचा कॅन्सर फार भराभर वाढतो, पण औषधाला भराभर दबतोही. अजून तो छातीच्या एकाच बाजूला आहे, तेव्हा औषधाने आणि शेकाने, म्हणजे किरणांनी, दोन्हींनी मिळून त्याला गाठायचं. खात्री देत नाही, पण आशा धरायला जागा आहे. धर्माने विचार केला, जागा आहे म्हणतोय ना, मग धरू. बिडीचं बंडल त्याने इस्पितळाच्या दारातच टाकलं.

औषधं दोन होती. त्यांची नावं कल्पेशने पाठ केली होती, सिस्प्लॅटिन आणि इटोपोसाइड. धर्माच्या जिभेला ती वळेनात, म्हणून त्याने आपल्यापुरतं एकाला थोरला म्हटलं आणि दुसऱ्याला धाकटा. थोरला मोठ्या मानपानाचा. तो यायच्या आधी सलाइनच्या बाटल्या, तो गेल्यावर पुन्हा बाटल्या, शिवाय वरून पाणी प्या म्हणून सिस्टरचा तगादा. कारण पाणी कमी पडलं तर तो मूत्रपिंडं धरायचा. धाकटा दिसायला गरीब, पण डोक्यावरचे केस, मिशी, भुवया सगळं गुपचूप घेऊन गेला. मिशी गेली तेव्हा हंसा त्याच्याकडे बघून हसली आणि मग पदर तोंडाला लावून मोरीत जाऊन रडली. धर्माला दोन्ही ऐकू आलं.

आता मूळ घोटाळा. पहिल्याच फेरीला निघताना हंसाने रीतीप्रमाणे पिशवीत सुकेळ्यांचं पुडकं टाकलं. वाट लांबची, काम कठीण, पुडकं मोठं. खाटेवर पडून बाटलीतले थेंब बघण्याचा कंटाळा आला तसा धर्मा पुडक्यातून एकेक सुकेळं काढून खात राहिला. त्या संध्याकाळी थोरल्याने हिसका दाखवला. ओकारी थांबवायचं इंजेक्शन आधीच दिलेलं होतं, त्याने पहिली लाट थोपवली. पण पुढचे दिवस घरी आल्यावर पोटात जे ढवळायला लागलं त्याला सुमार नव्हता. दुसऱ्या फेरीला पुन्हा पुडकं, पुन्हा तेच. तिसऱ्या फेरीला धर्माने पुडक्याची गाठ सोडली मात्र, औषध अजून बाटलीतच होतं तरी सगळं बाहेर आलं.

कार्मिन सिस्टरने ते बघितलं. ही पापडीची, धर्माच्याच मुलखातली, म्हणून त्याच्यावर जरा जास्त रागवायचा हक्क तिला आहे असं ती समजायची. पुडकं उचलून ती म्हणाली, "बाबा, हे कोणी आणायला सांगितलं? ज्या दिवशी औषध, त्या दिवशी आवडीचं खायचं नाय. औषध शिरेतून जातं, ते पोटाला दिसत नाय. पोटाला दिसतं ते सुकेळं. पोट सगळा दोष त्यालाच लावून मोकळं होतं." पुढच्या वेळेपासून साधी बिस्किटं आणा, म्हणजे रुसवा धरायचाच तर पोट बिस्किटांवर धरेल, असंही तिने सांगितलं. आणि पुडकं ती स्वतः घेऊन गेली, दंड म्हणून.

बाकी सगळा त्रास आला तसा गेला. तोंडात फोड आले, पाण्याला गंजलेल्या लोखंडाची चव आली, कानात रातकिडे ओरडायला लागले. रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरल्या तेव्हा डॉक्टरांनी माणसं भेटू देऊ नका म्हणून बजावलं. उमेळ्यात आजाऱ्याला बघायला न जाणं म्हणजे वैर धरल्यासारखं. तेव्हा हंसाने फाटकाशी बाकडं टाकलं. लोक तिथे बसायचे आणि ओरडून धर्माची चौकशी करायचे. धर्मा खिडकीतून हात हलवायचा. शेकाने घसा सोलून निघाला, तोही भरला. शेवटी फोटो काढला आणि डॉक्टर पहिल्यांदा मोकळे हसले. गाठ दिसत नव्हती. तपासायला येत राहा, एवढंच काम उरलं.

केस पुन्हा आले, ते कुरळे आले. ह्या वयात कुरळे केस म्हणून शेजारची क्लेमेंटीन त्याला नवरदेव म्हणायला लागली. जिभेची चव परतली. बोंबील पुन्हा आवडले, बिरडं आवडलं. आता सगळं जागच्या जागी आलं असं धर्माला वाटलं.

मग थंडी पडली आणि हंसाने अंगणात मांडव घातला. पहिला दिवस बरा गेला. ऊन लागून केळ्यांचा वास दाटायला लागला तसा धर्मा ओसरीवरून उठला, न्हाणीपाशी पोचला नाही आणि तुळशीजवळच ओकत बसला. दोन दिवसांत त्याच्या पोटात पाणी टिकेना. आजारात जेवढा खंगला नव्हता तेवढा तो त्या वासाने खंगला. तिसऱ्या दिवशी तो उठला तर अंगण झाडून सारवलेलं. मांडव नाही, केळी नाहीत. हंसाने सांगितलं की यंदा केळं बारीक आहे, सुकेळ्यांना चालायचं नाही, म्हणून व्यापाऱ्याला कच्चंच दिलं. धर्माने ते खरं मानलं. खरं मानणं सोयीचं असलं की पुरुषमाणूस जास्त प्रश्न विचारत नाही.

पुढच्या वर्षीही केळं बारीकच निघालं. मांडवाचे बांबू, चटया हंसाने आदल्या थंडीतच क्लेमेंटीनला देऊन टाकल्या होत्या. हंसाकडे बघून बघून क्लेमेंटीननेही थोडी सुकेळी करायला सुरुवात केली होती. दुपारचं जेवण आटपलं की हंसा तिच्याकडे गप्पांना जायची आणि दिवे लागायच्या आत परतायची. धर्मा ओसरीवर पडून असायचा. कॅन्सरमधून उठलेला माणूस आहे, उन्हातून आलेला वारा अंगावर घेतोय, बायको शेजारी गप्पा मारतेय, आणखी काय हवं असं त्याला वाटायचं. आणि खरंच, तो सुखात होता.

एका दुपारी त्याला शिडी हवी होती, ती क्लेमेंटीनकडे. तो मेंदीच्या कुंपणापर्यंत गेला आणि वास आला. तोंडावर पंचा धरून तो तिथेच थांबला. कुंपणाच्या फटीतून मांडव दिसत होता. त्याच्याखाली हंसा बसली होती. पुढ्यात सुक्या पानांचा ढीग, हात भराभर चाललेले, आणि ती क्लेमेंटीनच्या कुठल्याशा बोलण्यावर हसत होती. असं पोटातून आलेलं हसणं धर्माने घरात कधी ऐकलं होतं ते त्याला आठवेना. क्लेमेंटीन तिला म्हणत होती की एवढं करतेस तर चार घरी तरी ने.

हंसा म्हणाली, "नाय बाय. त्यांचं पोट ढवळतं. मी तर हात लिंबाने धुतल्याबिगर घरात पाय टाकत नाय. आनि संक्रांतीनंतर राजेळीच काढायला सांगितलीय कल्पेशला. तिथं तगर लावील तो. बघायला नको आनि जीव लागायला नको."

क्लेमेंटीनने विचारलं, तुझ्या आईने दिलेली ना ती? त्यावर हंसाने हातातल्या पुडक्याची गाठ आवळली. "ते हायेत ना अजून," ती म्हणाली. "मला तेवढं बस."

शिडी न घेता धर्मा परत आला. ओसरीवर बसला आणि त्याला लाज वाटली. इतकी लाज त्याला टक्कल पडलं तेव्हा वाटली नव्हती, की दुसऱ्याच्या हाताने आंघोळ करावी लागली तेव्हाही वाटली नव्हती. बायकोच्या हाताला लिंबाचा वास येतो हे त्याने कितीदा हुंगलं होतं, वर तिची थट्टाही केली होती. ह्या बाईने त्याच्या नाकासाठी आपलं माहेर अंगणातून उचलून शेजारी नेऊन ठेवलं होतं, आता मुळासकट उपटायला निघाली होती, आणि त्याने त्यावर केळं बारीक आहे एवढंच ऐकून घेतलं होतं. तिच्यावर त्याचं प्रेम होतंच, पण ते असं छातीत दाटून आलं ते त्या दिवशी. संक्रांतीच्या आत पोटाला वळवायचं, असं त्याने ठरवलं.

ठरवलं खरं, पण पोट काही त्याचा नोकर नव्हतं. वसईच्या बाजारात एका दुकानाच्या दारात सुकेळी टांगलेली असत. धर्मा रोज काहीतरी निमित्त काढून तिकडे जायला लागला. आधी रस्त्याच्या पलीकडे उभा राहायचा, मग अलीकडे यायचा, मग तोंड दाबून गटाराकडे धावायचा. दुकानदाराने दोनतीनदा पाहिलं आणि त्याचा समज व्हायचा तोच झाला. धर्मा घरत मरणाच्या दारातून परत आला आणि भर दुपारी ढोसायला लागला, ही बातमी धर्माच्या आधी रिक्षाने उमेळ्यात पोचली. कल्पेशने जेवताना बापाशी बोलणं टाकलं. हंसाने जवळ येऊन तोंडाचा वास घेतला, तर लवंगेचा. त्यावरून संशय कमी न होता वाढलाच. धर्माने तोंडातून ब्र काढला नाही. बेवडा म्हणवून घेणं परवडलं, पण आधी सांगून मग हरणं परवडणार नव्हतं.

तपासणीला गेल्यावर त्याने कार्मिन सिस्टरला गाठून सगळं सांगितलं. तिने कपाळावर हात मारला. एकदम तयार सुकेळ्यांच्या ढिगापुढे जाऊन उभं राहणं म्हणजे पोहायला शिकण्यासाठी खाडीत उडी टाकणं, असं ती म्हणाली. जिथे त्रास होत नाही तिथून सुरुवात करा, पोट शांत असेल तोवरच बसा, ढवळायला लागायच्या आत उठा. जबरदस्ती केलीत तर ते आणखी हट्टाला पेटेल.

जिथे त्रास होत नाही ते ठिकाण कोणतं ह्याचा विचार करताना धर्माला उमगलं की सोललेल्या ताज्या केळ्याला तो वासच नसतो. वास उन्हाने रोज थोडा थोडा चढतो. म्हणजे केळ्याबरोबर पहिल्या दिवसापासून चाललं तर पोटालाही थोडं थोडंच चढावं लागेल. तो सकाळीच क्लेमेंटीनकडे गेला आणि केळी सोलायला बसू दे म्हणाला. हंसाला मात्र सांगायचं नाही.

क्लेमेंटीनला देवाने सगळं दिलं होतं, गुपित ठेवायची शक्ती तेवढी दिली नव्हती. तिच्यावर आता अशी पाळी आली की सकाळी नवरा येऊन शपथ घालायचा आणि दुपारी बायको येऊन घालायची. ती हंसासमोर बोलता बोलता मध्येच तोंड मिटायची, आणि रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावरही तिथेच बसून राहायची. पण बिचारीने शब्द पाळला.

धर्मा सोलायला बसला, दुसऱ्या दिवशी उलटवायला बसला. वास चढला की तो विहिरीपाशी जाऊन उभा राहायचा, वारा घ्यायचा, परत यायचा. पहिल्या खेपेची केळी अर्धी वाळेपर्यंत तो टिकला आणि मग पळाला. दुसऱ्या खेपेला थोडा पुढे गेला. पोट एखाद्या दिवशी शहाण्यासारखं वागायचं आणि दुसऱ्या दिवशी सगळं शिकलेलं विसरायचं. तयार सुकेळं मात्र त्याने हातात धरून बघितलं तरी घाम फुटायचा. तोंडात घालणं तर लांबच.

संक्रांत झाली. कल्पेशने गडी ठरवले, ते सोमवारी यायचे होते. शनिवारी हंसा वहिनीला बघायला माहेरी गेली, आठवडाभर राहणार होती. जाताना ती विहिरीकडे गेली नाही हे धर्माने पाहिलं. तिची पाठ वळताच त्याने कल्पेशला बोलावून सांगितलं की गड्यांना नको म्हण. कल्पेशने कारण विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं, बाजारातल्या दारूच्या बोभाट्यासकट. मुलगा उठला आणि क्लेमेंटीनकडून बांबू घेऊन आला. घरात राजेळीचे दोन लोंगर, म्हणजे अख्खे घड, कोपऱ्यात पिकत पडलेलेच होते, व्यापाऱ्यासाठी काढलेले पण त्याने न नेलेले. धर्माने सोलायला घेतले.

हंसा परतली ती पुढच्या रविवारी दुपारी. फाटक उघडलं आणि ती तिथेच थांबली. अंगणात मांडव होता, त्याच्यावर सुकेळी होती, रंगाला आलेली, तयार. धर्मा शेजारच्या बाकड्यावर बसला होता, रंग उतरलेला, हातात ओला पंचा. तिने पिशवी खाली टाकली आणि आधी चटया गुंडाळायलाच धावली. कोणी सांगितलं होतं हे, म्हणून ती कल्पेशवर रागावली, मग धर्मावर. धर्माने तिचा हात धरला.

"राहू दे ते."

"कशाला जिवाला त्रास करून घेता? मी काय मागितलं होतं?"

"तू नाय मागितलंस. म्हनून तर." त्याने तिच्या हातातली चटई सोडवून घेतली. "हंसा, ते औषध मी जगावं म्हनून घेतलं. तू दुसऱ्याच्या अंगनात जाऊन बसावंस म्हनून नाय घेतलं."

हंसा तशीच मांडवाशी बसली. धर्माने एक सुकेळं उचललं, दाताने टोक तोडलं आणि चावलं. क्षणभर ते आत राहिलं. मग तो उठला, नारळापाशी गेला, ओकून रिकामा झाला, चूळ भरली आणि परत येऊन आपल्या जागी बसला. पोट जिंकलं होतं, आणि त्याला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. ते अजून पुष्कळ दिवस जिंकेल, मांडव काही उठत नाही, एवढंच तो म्हणाला. मग त्याने दुसरं सुकेळं उचलून तिच्यापुढे धरलं. तू तरी खा.

हंसाने ते घेतलं, पण तोंडाकडे नेईना. खाली बघत ती म्हणाली, "मी पन नाय खाल्लं. तुम्हाला वास सोसेना तेव्हापासून एक पन नाय. तोंडाचा वास कसा जायचा होता?"

 क्लेमेंटीनच्या मांडवाखाली दोन हिवाळे बसून हिने इतकी पुडकी बांधली आणि एकही तोंडात टाकलं नाही? धर्माने तिच्या हाताला खालून हात लावून तो हलकेच वर ढकलला. हंसाने डोळे मिटून घास घेतला. ती सावकाश चावत होती, आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं तरी तिचं तोंड लहान मुलीसारखं खुलत चाललं होतं. धर्मा एकटक तिच्याकडे बघत होता. ते संपवून तिने आपणहून दुसऱ्याला हात घातला तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, की आपण मांडवाला टेकून तिच्या अगदी जवळ बसलोय आणि मघापासून पोटाकडे आपलं लक्षच गेलेलं नाही.